मदत हवी आहे: मुलीला बीएला धर्मांचा अभ्यास करायचा आहे, ऐरोलीहून काय पर्याय आहेत?

नमस्कार मंडळी,

मुलगी यंदा बारावी आर्ट्सला आहे. आम्ही ऐरोलीत, दिवागावाला लागून राहतो. तिला पदवीला धर्मांचा अभ्यास करायचा आहे. कीर्तन-प्रवचन करण्यासाठी नव्हे. माणसं काय मानतात, का मानतात, ग्रंथ आणि रीती कुठून आल्या, हे तिला शिकायचं आहे.

याची सुरुवात गौरीपासून झाली. आमच्या गौरीला घावन-घाटलं. शेजारच्या आगरी घरात गौर तिखटाची, मटण-वडे. गौर एकच तर ताट वेगळं का, असं तिने विचारलं. सासूबाई म्हणाल्या, ज्याची त्याची रीत. तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. वही घेऊन घराघरांत विचारत फिरली: गौर पाणवठ्यावरून आणता की बाजारातून, तेरड्याची की मुखवट्याची, ओवसा कोण भरतं, नैवेद्य कोण रांधतं. ती वही मी वाचली आहे. एवढं लक्ष देऊन तिने शाळेचा एकही प्रकल्प केलेला नाही, म्हणून मला हे मनावर घ्यायचं आहे.

नेटवर तिला ऑक्सफर्डची 'थिऑलॉजी अँड रिलिजन' ही तीन वर्षांची बीए सापडली. ती आमच्या आवाक्यातली नाही. पुण्यापर्यंत हॉस्टेलला पाठवू शकतो, रोजची लोकल असेल तर उत्तमच. आपल्याकडे अशी पदवी आहे का? थिऑलॉजी आणि रिलिजियस स्टडीज एकच का? आणि पुढे पोटापाण्याचं काय? शेवटचा प्रश्न तिच्या बाबांचा आहे आणि तो रास्त आहे. नातेवाइकांचं 'मठात पाठवणार का' हे ऐकून झालंय, ते इथे नको.

झेवियर्सची माजी विद्यार्थिनी, ठाणे

ताई, पदवीच्या नावात 'धर्म' शोधत बसलात तर मुंबईत हाती फारसं लागणार नाही. विषय आहे, पण दुसऱ्या नावांखाली. मी झेवियर्सला 'एन्शंट इंडियन कल्चर' घेऊन बीए केलं. वेद, बौद्ध, जैन, मूर्तिशास्त्र, नाणी, लेणी असं सगळं त्यात येतं. १९२६ साली फादर हेरास यांनी सुरू केलेली हेरास इन्स्टिट्यूट त्याच आवारात आहे, तिचं ग्रंथालय तुमच्या लेकीला वेड लावेल. ठाण्याला गाडी बदलून सीएसएमटी, तिथून चालत कॉलेज. मी ठाण्याहून तीन वर्षं रोज केलं.

दुसरा रस्ता म्हणजे तत्त्वज्ञान, इतिहास किंवा समाजशास्त्र मेजर आणि सोबत एक भाषा. विद्याविहारला सोमैयांची धर्म-अध्ययनाची संस्था आहे, तिथे हिंदू, बौद्ध, जैन परंपरांचे छोटे अभ्यासक्रमही असतात. पदवी करता करता त्यातला एखादा जमतो. प्रवेशाचे नियम मात्र यंदाचे कॉलेजातूनच घ्या.

भाषेवर मी अडून बसेन. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे १०६०चा, संस्कृतात आहे. तो स्वतः वाचता येणं आणि फलकावरचं भाषांतर वाचणं यात सगळा अभ्यास आहे.

नेरूळचे निवृत्त प्राध्यापक

थिऑलॉजी म्हणजे एखाद्या धर्माच्या आत राहून, तो मानून केलेला विचार. धर्म-अध्ययन कुठल्याही धर्माचा माणूस कुठल्याही धर्माबद्दल करू शकतो, श्रद्धेची अट नसते. पुण्याचं ज्ञानदीप विद्यापीठ ख्रिस्ती थिऑलॉजी शिकवतं, तिथे मुख्यतः पाद्री होणारे विद्यार्थी असतात. अलीगढला इस्लामी थिऑलॉजीची बी.टीएच. आहे. तुमच्या मुलीची वही पाहता तिला यातलं काही नको आहे.

आपल्याकडे हे विभाग कमी का, तेही सांगतो. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असं घटनेचं कलम २८ सांगतं. त्यामुळे विद्यापीठं वर्षानुवर्षं विषयापासून लांबच राहिली. खरं तर धर्म शिकवणं आणि धर्मांविषयी शिकवणं वेगळं, हा फरक कोठारी आयोगाने (१९६४–६६) स्पष्ट केला होता. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अरुणा रॉय खटल्यात धर्मांच्या अभ्यासाला या कलमाची आडकाठी नाही असं म्हटलं. माझ्या मते हे नुकसान मोठं आहे. धर्मावरून एवढं रण माजणाऱ्या देशात त्याचा शांतपणे अभ्यास करणारी मुलं हवीतच.

बाबांसाठी: यूजीसी नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेत 'कम्पॅरेटिव्ह स्टडी ऑफ रिलिजन्स' हा स्वतंत्र विषय आहे, बौद्ध-जैन अभ्यास आणि हिंदू स्टडीजही आहेत. त्याच परीक्षेतून जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळाली तर संशोधनाला पैसे मिळतात. एमएसाठी शांतिनिकेतन, पतियाळा, नालंदा इथली विद्यापीठं आहेत. पण प्राध्यापकीच्या जागा थोड्या, हे आधीच सांगून ठेवतो. संग्रहालयं, अभिलेखागार, प्रकाशन, पत्रकारिता इथे ही मुलं जातात. स्पर्धा परीक्षेचा मार्गही मोकळा राहतो, कारण पदवी शेवटी बीएच असते.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. बाबांना वाचून दाखवलं. 'नेटमध्ये विषय आहे' यावर त्यांनी मान हलवली, जागा थोड्या यावर गप्प झाले. एमएपर्यंत पाहू, पण बीएला इंग्रजी पक्कं करायचं, असं शेवटी म्हणाले. तिला हे मान्य आहे.

एक विचारते. तिचं संस्कृत दहावीनंतर सुटलंय. तेच पुढे न्यावं की बौद्ध ग्रंथांची पाली नव्याने धरावी? आणि ऐरोलीत राहून सुट्टीत काय पाहता येईल?

झेवियर्सची माजी विद्यार्थिनी, ठाणे

आधी संस्कृतच. ते असलं की पालीचं व्याकरण हलकं जातं, आणि आपल्याकडे पाली देवनागरीत छापतात, त्यामुळे लिपीचं ओझं नाही. सुट्टीत ठाण्याचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, पाहा, १८७९चं आहे. आधी विचारून जा, शनिवारी नको. बेने इस्रायली म्हणजे आपल्याकडचे ज्यू, त्यांच्या घरांत मातृभाषा मराठी, त्यांनी बायबलच्या कथांवर मराठीत कीर्तनंही रचली. गौरीच्या वहीत पुढचं पान त्यांच्याकडे सणाला काय रांधतात याचं होऊ शकेल. ती वही मला वाचायला मिळेल का? तिची हरकत नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सीएसएमटीला कधी येणार असाल तर कॉलेजही दाखवते.