एटीआरए-आर्सेनिक चालू असताना वजन वाढलं, धाप लागतेय – पावसाळी सर्दी समजायची का?

खाडीकाठ
रुग्ण ४२ वर्षांचे, एपीएल (एम-३ ल्युकेमिया, रक्ताचा कर्करोग). इंडक्शनचा, म्हणजे उपचाराच्या पहिल्या टप्प्याचा, तिसरा आठवडा. एटीआरएच्या कॅप्सूल चालू. आर्सेनिकचं सलाईन रत्नागिरीत डे-केअरला, रात्री गावी. तीन दिवसांत वजन अडीच किलो वाढलंय, कोरडा खोकला आहे, घराची घाटी चढताना दोनदा थांबावं लागतं. ताप नाही. गावातले डॉक्टर छातीत सर्दी म्हणतात, अ‍ॅझिथ्रोमायसिन लिहून दिलंय. सुरू करावं का?

रक्तविभाग
आजच, आत्ताच तुमच्या हिमॅटॉलॉजिस्टना (रक्तविकारतज्ज्ञांना) फोन करा. तीन दिवसांत अडीच किलो हे खाण्याने वाढत नाही, ते पाणी आहे. या औषधांनी कर्कपेशी परिपक्व होताना रसायनं सोडतात, त्यामुळे केशवाहिन्या गळतात आणि पाणी फुफ्फुसात, कधी हृदयाच्या आवरणातही साठतं. याला डिफरन्शिएशन सिंड्रोम म्हणतात. तो पहिल्या आठवड्यात किंवा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जास्त दिसतो, म्हणजे तुम्ही नेमके त्याच टप्प्यावर आहात. ताप नसला तरी तो असू शकतो. पुस्तकात पाच किलोचा आकडा असतो, तिथपर्यंत थांबायचं नसतं.

नुसता संशय आला तरी डेक्सामेथासोन (स्टिरॉइड) १० मिग्रॅ दर १२ तासांनी शिरेतून सुरू करतात, निदान पक्कं होण्याची वाट बघत नाहीत. एक्स-रे सोबत हवाच, कारण न्यूमोनिया किंवा फुफ्फुसातला रक्तस्रावही असाच दिसतो. थुंकीत रक्त आलं, ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली गेला किंवा आडवं झोपता येईनासं झालं, तर फोनवर वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा. एटीआरएची कॅप्सूल स्वतःहून बंद करू नका, तो निर्णय हिमॅटॉलॉजिस्टांचा.

औषधपेटी
अ‍ॅझिथ्रोमायसिन हिमॅटॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय नको. आर्सेनिकमुळे ईसीजीतला क्यूटी (ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ) लांबतो आणि ही गोळी त्यात भर घालते. लिव्होफ्लॉक्सासिन, ऑन्डान्सेट्रॉन, डॉम्पेरिडॉन, फ्लुकोनॅझोल यांचंही तेच. क्यूटीसी (नाडीच्या वेगानुसार दुरुस्त केलेला क्यूटी) ५०० मिलिसेकंदांच्या वर गेला तर हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडू शकतात. म्हणून पोटॅशियम ४च्या वर आणि मॅग्नेशियम १.८च्या वर ठेवतात. पाणी उतरवायला फ्युरोसेमाइड दिलं की हे दोन्ही लघवीवाटे जातात, तेव्हा त्यानंतरचा रिपोर्ट मागून घ्या. आपल्याकडे लगेच शहाळं पुढे करतात. त्यात पोटॅशियम असतं, पण किती चढलं ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही, आणि किडनी मंदावली असेल तर तेच जास्त होऊन बसतं.

खाडीकाठ
गोळी दिली नाही. फोन झाला, लगेच बोलावलंय. वजन रोज कसं घ्यावं? आमच्या काट्यावर दर वेळी वेगळंच येतं.

पडवी
काटा सारवलेल्या जमिनीवर ठेवत असाल तर तसंच होणार. खाली कडाप्प्याची सपाट फरशी ठेवा, डुलत नाही ना ते बघा. सकाळी लघवी झाल्यावर, चहाआधी, रोज त्याच जातीचे कपडे घालून मोजा. नडगीवर अंगठा पाच सेकंद दाबा, खळगा राहिला तर वजनाशेजारी तसं लिहा. ऑक्सिमीटर लावताना बोट कोरडं आणि गरम हवं, नखाला रंग नको. वही सोबत न्या.

रक्तविभाग
जाताना आणखी एक विचारा: आर्सेनिकसोबत इडारुबिसिन किंवा डॉनोरुबिसिन (हृदयाला इजा करू शकणारी केमो औषधं) दिलंय का? दिलं असेल तर एकूण मात्रा कागदावर लिहून घ्या आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आधीच्या इकोशी ताडून बघायला सांगा. ईएफ (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा) १० अंकांनी उतरून ५०च्या खाली गेला असेल, तर धापेचं कारण हृदयही असू शकतं. तिथे उपचार वेगळा.