रिसर्च पेपरसाठी नोट्स नेमक्या कशा काढायच्या?

मुळाकाठची
एमए इतिहास, दुसरं वर्ष. पेपर १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगवर आहे, म्हणजे इंग्रज अधिकारी रँडची प्लेग कमिटी, घरोघरच्या तपासण्या आणि लोकांचा त्यावरचा राग. केसरीचे जुने अंक, सरकारी रिपोर्ट, शिवाय दोन-तीन इंग्रजी पुस्तकं असं सगळं जमवलंय. पण वाचायला बसलं की सगळंच महत्त्वाचं वाटतं, वही भरत जाते आणि नंतर कळतच नाही की हे वाक्य पुस्तकातलं की माझं. तुम्ही सगळे कसं करता? वही, वर्ड का झोटेरो (संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर)?

जुना_पीएचडीवाला
वही का झोटेरो ते नंतर बघू, आधी प्रश्न ठरव. प्लेग हा विषय झाला, प्रश्न नाही. "मार्च ते जून १८९७ मध्ये तपासणीच्या सोल्जरांबद्दल केसरीचा सूर बदलत गेला का", हा प्रश्न. एवढं ठरलं की काय सोडायचं ते आपोआप कळतं. प्लेगचा जंतू १८९४ ला हाँगकाँगमध्ये सापडला हे वाचायला भारी आहे, पण तुझ्या पेपरला त्याची एक ओळ पुरे.
दुसरं, प्रत्येक नोंदीआधी एक अक्षर टाक. जसंच्या तसं उतरवलं तर "उ" आणि अवतरणचिन्हं, सारांश असेल तर "सा", स्वतःच्या डोक्यातलं असेल तर "मी". आणि पान नंबर तिथल्या तिथे, नंतर टाकू म्हटलं की राहतोच. सारांश लिहिताना पुस्तक मिटून लिही, मग उघडून ताडून बघ. पुस्तक समोर उघडं असलं की त्याचीच वाक्यरचना हातातून उतरते, कितीही ठरवलं तरी.

दप्तरखाना
वर्तमानपत्रासाठी माझं ऐक, घटनेची तारीख आणि अंकाची तारीख वेगवेगळी लिही. केसरी तेव्हा साप्ताहिक, मंगळवारी निघायचा. रँडवर गोळी झाडली २२ जूनला, तोही मंगळवार आणि वेळ रात्रीची, म्हणजे त्या दिवसाच्या अंकात ती बातमी असणं शक्यच नाही, पुढचा २९ चा अंक काढायला लागेल. नोंदीत नुसतं "केसरी, जून १८९७" असलं तर यातलं काहीच कळणार नाही. तारीख, पान, कॉलम, तिन्ही हवं.
आणि दोन साधनं एकमेकांशी जुळत नसतील तर एकाला खरं धरून दुसरं खोडू नकोस, दोन्ही शेजारी-शेजारी लिही. बरेच जण सरसकट "२२ जूनला रँड मेला" लिहितात. त्या रात्री जागीच गेला तो गोळी लागलेला दुसरा इंग्रज अधिकारी आयर्स्ट, रँड गेला ३ जुलैला. असे फरक दिसले की तिथे मोठी खूण कर, पेपरमध्ये बोलायला खरी जागा तिथेच मिळते.

सोलापुरी_चादर
प्लॅजरिझमबद्दल (दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून देण्याबद्दल) कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, त्यामुळे पोरं तेवढ्याच आकड्याकडे बघत बसतात. मला जास्त काळजी वाटते ती इंग्रजी पुस्तकातला परिच्छेद मराठीत आणून नाव न देता घालण्याची. सॉफ्टवेअर बहुतेक पकडणार नाही, पण दुसऱ्याची मांडणी ती दुसऱ्याचीच. म्हणून इंग्रजीतून घेतलेल्या नोंदीला "उ", "सा" बरोबर "अनु" पण लिही आणि मूळ इंग्रजी वाक्य खाली ठेव.
वहीऐवजी सुट्या चिठ्ठ्या पण बघ, एका चिठ्ठीवर एकच मुद्दा. डेक्कन कॉलेजच्या संस्कृत कोशाचं काम १९४८ ला सुरू झालं ते असंच, सुमारे दीड हजार ग्रंथांतून एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या, प्रत्येकीवर शब्द आणि तो कुठून घेतला ते. पुण्यात आहेस तर परवानगी काढून बघून ये, संदर्भ म्हणजे काय ते डोळ्यांना दिसतं.

मुळाकाठची
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना! केसरीच्या तारखांचं तर डोक्यातच नव्हतं. अजून एक, लायब्ररीत मोबाईलने फोटो काढून घरी आरामात नोट्स काढल्या तर चालेल ना?

दप्तरखाना
फोटो काढू देत असतील तर काढ, पण आधी मुखपृष्ठ आणि आवृत्ती-प्रकाशकाचं पान, मग आतली पानं, आणि पान नंबर फ्रेममध्ये आलाच पाहिजे. त्याच संध्याकाळी प्रत्येक फोटोला दोन ओळी लिही, हे पान कशासाठी घेतलं ते. नुसता फोटो म्हणजे नोट नाही, वाचायचं काम अजून बाकीच असतं.