मीटरच्या खोलीचा वास आणि ते कुत्रं

अण्णा, सचिव: मीटरच्या खोलीत जळका वास येतो म्हणून वायरमनला कळवलंय, सगळं ठीक आहे, घाबरू नये, एवढंच मी लिहिलं. त्यावर ए-३०४ च्या चिरंजीवांनी कुत्र्याचं चित्र टाकलं. १४ वर्षं बिनपगारी राबतोय, त्याचं हे फळ?

बी-१०१ काकू: टँकरचे ३०० राहिलेल्यांनी आज द्यावेत 🙏

ए-३०४ (मुलगा): अण्णा, तुम्हाला नाही हो म्हणलं. ते मीम आहे. केसी ग्रीन या अमेरिकन चित्रकाराच्या 'गनशो' वेबकॉमिकमधलं, २०१३ चं. घर पेटलंय, अन् टोपीवालं कुत्रं कॉफी घेऊन म्हणतंय, सगळं ठीक आहे.

सी-२०२ मामा: एकाची जळते दाढी, दुसरा पेटवतो विडी 😂

बी-३०३: मामा, इथं स्वतःचीच दाढी जळायलीय.

अण्णा, सचिव: हसा. मेंटेनन्स मागितला की सगळे गप.

बी-३०३: मेंटेनन्सचं मला बोलायलात का? आधी सी विंगचं पार्किंग बघा.

ए-३०४ (मुलगा): मूळ चित्रं सहा आहेत. लोकांनी पहिली दोनच कापून घेतली, म्हणून ते परीक्षेला, ऑफिसला, इलेक्शनला, कशालाही बसतं. उरलेल्या चारमध्ये कुत्र्याचा हात पेटतो, शेवटी तोंड वितळतं. ते कोणी पाठवत नाही.

बी-१०१ काकू: टँकरचे ३००. आतापर्यंत फक्त ९ जणांनी दिलेत.

ए-३०४ (मुलगा): २०१६ ला तिकडच्या रिपब्लिकन पक्षानं विरोधकांना चिडवायला तेच वापरलं. ग्रीनला ते आवडलं नाही. मग त्यानं नवं चित्र काढलं, त्यात कुत्रं उठून आग विझवतं.

सी-२०२ मामा: २०१६! लातूरला आपण मिरजेहून रेल्वेनं पाणी कधी येतंय बघायलो होतो, अन् यांना कुत्र्याची पडलेली.

बी-३०३: विझवतं कशानं?

ए-३०४ (मुलगा): लाल सिलिंडरनं. आपल्या जिन्यातल्यासारखाच. त्याच्यावर शेवटची भरल्याची तारीख २०१९ आहे, मी फोटो काढलाय.

सी-२०२ मामा: घ्या!

अण्णा, सचिव: सिलिंडरचा विषय मीटिंगमध्ये. इथं नको.

ए-२०१ ताई: अण्णा, परत वास यायलाय. कालच्यापेक्षा जास्त.

अण्णा, सचिव: वायरमन उद्या येतो म्हणलाय. चहा हातात आहे, तेवढा पितो अन् उतरतो खाली.

बी-३०३: 🐶☕🔥

बी-१०१ काकू: उतरतच आहात तर अण्णा, तुमचेही ३०० राहिलेत.