मदत हवी आहे: सूर्यमालेच्या प्रतिकृतीत लघुग्रहांचा पट्टा कसा दाखवावा?

सहावीच्या मुलांसाठी शाळेसमोरच्या सरळ रस्त्यावर सूर्यमाला मांडतो आहोत. प्रमाण १ मीटर = १ कोटी किमी. सूर्य १४ सेंमीचा चेंडू, १५ मीटरवर पृथ्वी (जेमतेम मोहरीएवढी), ७८ मीटरवर गुरू, ४५० मीटरवर नेपच्यून. एवढं जमलंय.

अडलंय ते मंगळ आणि गुरूच्या मध्ये. पट्टा साधारण ३१ ते ४९ मीटरमध्ये येतो. रांगोळीची भुकटी टाकून पाहिली, पण मुलांना तिथे दगडांची दाटी असल्यासारखं वाटलं. पुस्तकांतली चित्रंही तसंच भासवतात. प्रत्यक्षात सगळ्या लघुग्रहांचं मिळून वस्तुमान चंद्राच्या सुमारे ३ टक्केच आहे आणि यानं तिथून सुखरूप पार होतात. सर्वांत मोठा सीरिस या प्रमाणात ०.१ मिमीहूनही लहान, म्हणजे दिसणारच नाही. नुसती पाटी लावली तर मुलं न थांबता पुढे जातात.

प्रमाण बदलायचं नाही, कारण अंतरांची जाणीव हाच उपक्रमाचा गाभा आहे. पडदा, प्रोजेक्टर नाही. खर्चही बेताचाच हवा. हा विरळपणा मुलांना जाणवेल अशी एखादी कृती त्या १८ मीटरमध्ये कुणी करून घेतली आहे का?