लेन्सच्या झाकणावर ६० (मिमी) लिहिलंय आणि ६० चा फिल्टर मिळंना, नक्की माप काय?

रंकाळाकाठ:
नमस्कार मंडळी. चार बाय पाच इंची फिल्मचा जुना कॅमेरा घेतलाय, सोबत दोन लेन्स आल्यात, श्नायडरची सिम्मार-एस १५० एफ ५.६ आणि सुपर अँग्युलॉन ९० एफ ८. पन्हाळ्यावर पावसाळ्यात ढग काय भारी येतात आणि माझ्या कृष्णधवल फिल्मवर आभाळ नुसतं पांढरंफटक, म्हणून पिवळा फिल्टर घ्यायचा ठरवलं. लेन्सवर सगळं लिहिलंय, फोकल लेंथ, सिरियल नंबर, जर्मनीत बनवलंय हे पण, फिल्टरचं माप तेवढं नाही. १५० च्या झाकणावर आतून ६० आहे. ६० चा कुठं दिसला नाही म्हणून जवळचा ६२ मागवला, तो आट्यात जायचं सोडा, कडेवर ठेवलेल्या ताटलीगत डुगडुगतोय. पाकीट फोडलं म्हणून विकणारा परत घेईना. आता ९० साठी पण असाच अंदाजपंचे खर्च करायचा का?

उद्यमनगरी_लेथ:
भावा ते ६० झाकणाचं माप आहे, फिल्टरचं न्हवं. झाकण कडेच्या बाहेरून सरकतं आणि फिल्टर आतल्या आट्यात फिरतो, दोन्ही एक कसं असंल? व्हर्नियर घे आणि आतून माप. आता यात पण एक गंमत आहे, आतून मापलं की आट्यांच्या टोकाटोकातलं अंतर मिळतं आणि ते फिल्टरच्या नावापेक्षा पाऊण-एक मिमी कमीच भरतं. बहुतेक फिल्टरचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ०.७५ मिमी असतो, त्या हिशोबानं ५८ ला आतून ५७.२ च्या आसपास येणार आणि ६७ ला ६६.२. म्हणजे आकडा आला की वरच्या मापाकडं जायचं, ५७ दिसलं म्हणून ५५ घेऊन बसू नको. मोठ्या लेन्समधी ८६ च्या पुढं १ मिमी पिच पण असतो, तिथं नुसता व्यास बघून भागत नाही. आणि व्हर्नियरची चोच काचेला लागू देऊ नको, नाहीतर फिल्टर राहू दे बाजूला, लेन्सच शोधत फिरशील.

जुना_कृष्णधवल:
वरचं बरोबर आहे. सिम्मार-एस १५० ला ५८ लागतो आणि ९० एफ ८ ला ६७. तीच ९० एफ ५.६ वाली असती तर ८२. दुसऱ्या कंपनीची १५० बघून मात्र माप ठरवू नकोस, निकॉरची डब्ल्यू १५० घेतलीस तर तिला ५२ आणि रोडेनस्टॉकच्या सिरोनार-एन १५० ला ४९. शटरवर कोपाल ० असेल तर तो शटरचा आकार, त्या शून्याचा पण इथं काही संबंध नाही.

आता पैसे घालायच्या आधी एक फुकटातलं काम कर. कुठल्याही लग्नाच्या फोटोग्राफरकडं कॅननच्या १८-५५ लेन्सचा यूव्ही फिल्टर पडलेला असतो, तो ५८ चा. निकॉनच्या १८-१०५ चा ६७. दोन मिनिटं मागून घे आणि हलक्या हातानं फिरवून बघ, दोन आटे सरळ गेले की झालं. फिल्टरच माग, झाकण नको, स्प्रिंगचं झाकण चुकीच्या मापात पण अडकून बसतं.

आणि दोन फिल्टर घेऊच नकोस. ६७ चा एक पिवळा घे आणि १५० साठी ५८ ते ६७ ची स्टेप-अप रिंग, म्हणजे लहान आट्यावर मोठा फिल्टर बसवणारी. उलटं करायचं नाही, मोठ्या लेन्सवर लहान फिल्टर लावलास की कोपरे काळे.

सज्जाकोठी:
एवढं कशाला, फिल्टर लेन्सच्या मागं टेपनं लावा की. मी तसंच करतो.

जुना_कृष्णधवल:
जिलेटिनचा पातळ असेल तर चालतंय, काचेचा लावलात की फोकस काचेच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा मागं सरकतो. २ मिमी काच म्हणजे पाऊण मिमीच्या जवळ. मग फिल्टर लावूनच फोकस करायचा, आणि धूळ बसली की ती पण मागंच.

रंकाळाकाठ:
गल्लीतल्या व्हिडिओवाल्याकडं गेलो, ५८ तुपासारखा बसला. ९० वर ६७ अर्धा आटा जाऊन अडला, नीट बघितलं तर कडेला बारीक पोचा आहे, घेताना दिसलाच नव्हता. जोर लावला नाही.

उद्यमनगरी_लेथ:
बरं केलंस, पितळ-अॅल्युमिनियमचे आटे एकदा कापले की गेले. लेन्स घेऊन ये, लाकडाचा अर्धगोल लावून कड हळू बाहेर काढू. नाहीच जमलं तर बाहेरून बसणारी रिंग लेथवर काढून देतो. बाबूराव पेंटरांनी १९१८ ला आपल्या गावात अख्खा सिनेकॅमेरा बनवला, तुझी एक रिंग अडंल व्हय?

जुना_कृष्णधवल:
रिंग केलीस तर पातळ कर रे, ९० ला जाड कड आड येते. बसवल्यावर लेन्सचं छिद्र लहान, एफ २२ ला ठेवून ग्राउंड ग्लासच्या (मागची फोकस बघायची दुधी काच) कापलेल्या कोपऱ्यातून आत बघायचं. छिद्र पूर्ण दिसलं तर ठीक, लिंबाच्या फोडीगत कापलेलं दिसलं तर रिंग आड येतेय. राइज देऊन, म्हणजे लेन्स वर सरकवून पण बघ, सरळ ठेवल्यावर सगळंच बरं दिसतं. आणि पिवळ्याला एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड द्यायला विसरू नकोस.

रंकाळाकाठ:
शनिवारी येतो लेन्स घेऊन. तो ६२ चा कुणाला पाहिजे असंल तर सांगा, एकदाच डुगडुगलाय.