मुलीच्या डोळ्यांच्या अभिसरणदोषासाठी थेरपी, प्रिझमचा चष्मा की घरचा व्यायाम? (खर्चमर्यादा ८,००० रुपये)

मंजिरी_सातारा
नमस्कार. माझी मुलगी ११ वर्षांची आहे. वाचायला बसल्यावर पंधरा-वीस मिनिटांत तिचे कपाळ दुखू लागते आणि एका अक्षराची दोन दिसतात. आम्ही कित्येक महिने हा अभ्यास टाळण्याचा बहाणा समजत होतो, याची आता लाज वाटते. नेत्रतज्ज्ञांनी थेंब घालून तपासले. नंबर नाही, परंतु पेनचे टोक नाकाकडे आणताना १४ सेंटीमीटरवरच तिचा उजवा डोळा बाहेर सरकतो. याला कन्व्हर्जन्स इनसफिशियन्सी (अभिसरणदोष), म्हणजे जवळचे पाहताना दोन्ही डोळे मिळून पुरेसे आत न वळणे, म्हणतात, असे समजले. दवाखान्यात डोळ्यांचे व्यायाम करून घेणारी थेरपी घ्यायची तर बारा आठवडे, दर आठवड्याला पुण्यास जावे लागेल. प्रिझमचा चष्मा (प्रकाश वळवून दोन प्रतिमा जुळवणाऱ्या काचांचा), डोळ्यांच्या सरावाचे संगणकावरील कार्यक्रम आणि पेन्सिलचा व्यायाम (टोक एकच दिसत ठेवून पेन्सिल हळूहळू नाकाजवळ आणणे) हेही पर्याय ऐकले आहेत. एकूण खर्च ८,००० रुपयांच्या आत बसवायचा आहे. कृपया अनुभव सांगावेत.

पेणकर_काका
ताई, डोळे झाकून प्रिझम घ्या. मधुमेहामुळे माझी सहावी नस दुबळी झाली, डावा डोळा बाहेरच्या बाजूस वळेना आणि समोरून येणारी एक एस.टी. मला दोन दिसू लागली. चष्म्याच्या काचेवर फ्रेनेल प्रिझमची पातळ पट्टी चिकटवली आणि त्याच दिवशी दोन्ही बस एकमेकींवर बसल्या. चार महिन्यांत नसही सुधारली. मला एकूण २२,००० रुपये खर्च आला, मात्र त्यात चौकट परदेशी आहे.

ऑर्थॉप्टिक्स_शिकणारी
काकांचा आजार आणि या मुलीचा दोष वेगळे आहेत. प्रत्येक डोळ्याला हलवणारे सहा स्नायू असतात आणि त्यांना तिसरी, चौथी व सहावी या तीन नसा आज्ञा पोहोचवतात. काकांची एक नस बंद पडली होती, म्हणून डोळा त्या दिशेने वळतच नव्हता. येथे प्रत्येक डोळा सर्व दिशांना नीट वळत असतो. जवळचे पाहताना दोघांनी मिळून आत वळण्याचा जो मेळ मेंदूने साधायचा, तो अपुरा पडतो. मुलांमध्ये वाचनासाठी दिलेला प्रिझमचा चष्मा साध्या चष्म्यापेक्षा सरस ठरला नाही, असे २००५ च्या चाचणीत आढळले. २००८ साली अमेरिकेत ९ ते १७ वयाच्या २२१ मुलांवर बारा आठवड्यांची चाचणी झाली. तीत दवाखान्यातील थेरपी आणि जोडीला घरचा सराव करणाऱ्यांपैकी सुमारे ७३ टक्के मुले बरी झाली किंवा सुधारली, केवळ पेन्सिलचा व्यायाम करणाऱ्यांपैकी ४३ टक्के, आणि घरी संगणक व पेन्सिल दोन्ही वापरणाऱ्यांपैकी ३३ टक्के. तुलनेसाठी दिलेल्या लुटुपुटीच्या थेरपीलाही ३५ टक्के यश मिळाले होते. म्हणून थेरपीच घ्यावी.

एडिसनकर
आम्हीही थेरपीच घेतली, त्यामुळे माझेही मत तेच. खर्च येथील डॉलरमध्ये सांगून उपयोग नाही, परंतु तुमच्या मर्यादेच्या कितीतरी पट होता आणि विम्याने हात वर केले. मुलगा आता वर्गात वाचनात पहिला आहे.

ऑर्थॉप्टिक्स_शिकणारी
अभिनंदन, मात्र २०१९ च्या पुढच्या चाचणीत थेरपीमुळे वाचनाचे आकलन लुटुपुटीच्या थेरपीहून अधिक सुधारले नाही. डोळ्यांचा मेळ सुधारणे आणि गुण वाढणे या निराळ्या गोष्टी आहेत.

एडिसनकर
चाचणीत माझा मुलगा नव्हता.

भाग्यवान_चकणा
माझा डावा डोळा लहानपणापासून आत वळलेला आहे. हलका तिरळेपणा भाग्याचा असतो, असे म्हणत आजीने कोणाला दवाखान्याची पायरी चढू दिली नाही. मेंदूने त्या डोळ्याकडे अक्षरशः काणाडोळा केला आणि आज त्याने मला मोठी पाटीसुद्धा वाचता येत नाही. पट्टी बांधून चांगला डोळा झाकण्याचे वय निघून गेले होते. ताई, पट्टी आणा, अगदी स्वस्त असते.

ऑर्थॉप्टिक्स_शिकणारी
दादा, पट्टी मंद झालेल्या डोळ्यासाठी असते. या मुलीला दोन अक्षरे दिसतात, म्हणजे मेंदूने अजून एकही डोळा सोडून दिलेला नाही. तिला एक डोळा झाकून वाचायला सांगा; दोनाचे एक झाले, तर अडचण दोन डोळ्यांच्या मेळाचीच आहे. मोठ्या माणसाला मात्र अचानक दोन दिसू लागले, आणि त्यातही पापणी लोंबून बाहुली मोठी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पेणकर_काका
माझी बाहुली उत्तम होती, हे नमूद करतो.

रुद्राक्ष_७८
मी दीड मीटर दोऱ्यात तीन रंगीत मणी ओवून घरीच साधन केले. खर्च शून्य, कारण मणी पत्नीच्या तुटलेल्या माळेतले होते. दोऱ्याचे एक टोक खिडकीला बांधून दुसरे नाकाशी धरायचे. मण्याकडे पाहताना दोन दोरे त्याच मण्यापाशी एकमेकांना छेदताना दिसले, तर दोन्ही डोळे कामावर आहेत. एकच दोरा दिसला, तर एकाने दांडी मारली आहे. पेन्सिलने मुले कंटाळतात, मण्यांना मात्र बसतात.

मंजिरी_सातारा
सर्वांचे आभार. काल एक डोळा झाकून वाचायला दिले, तेव्हा अक्षर एकच दिसले. थेरपी सरस आहे हे आकड्यांवरून पटले, परंतु बारा शनिवार शाळा बुडवून, रजा टाकून पुणे गाठणे आम्हाला झेपणार नाही. म्हणून पेन्सिल आणि मण्यांचा दोरा, रोज पंधरा मिनिटे, माझ्यासमोर बसवून, असे ठरवले आहे. सहा आठवड्यांनी डॉक्टर पुन्हा अंतर मोजतील. ते चौदाचे दहाच्या आत आले नाही, तर शिल्लक ८,००० रुपये घेऊन पुण्यास जाईन.

पेणकर_काका
तरी एकदा प्रिझमचा विचार करावा.