कादंबरीतले रविवर्मा आणि गिरगावचा छापखाना

चित्रकारावरील कादंबरीत प्रेमकथा नसेल तर ती कोणी वाचणार नाही, हे मत मला पटत नाही. राजा रविवर्मा यांच्यावर लिहिताना मॉडेल म्हणून बसणारी स्त्री आणि चित्रकार यांच्या नात्यालाच इतकी जागा दिली जाते, की १८९४ साली त्यांनी गिरगावात काढलेला शिळामुद्रणाचा, म्हणजे दगडावर चित्र काढून त्यावरून प्रती छापण्याचा, छापखाना दोनचार ओळींत उरकला जातो. माझ्या मते खरे नाट्य तिथेच आहे: प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, जर्मनीहून आणलेली यंत्रे, वाढत जाणारे कर्ज आणि १८९६ पासून प्लेगने हादरलेली मुंबई. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि अखेर फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. आमच्या गिरगावच्या घरातली लक्ष्मीची तसबीर पाहताना मला हे सारे आठवते.

धाकटे बंधू सी. राजराजा वर्मा यांच्यावर तर फारच अन्याय होतो. ते स्वतः चांगले चित्रकार होते, थोरल्या भावाच्या बरोबरीने काम करीत आणि दैनंदिनीही लिहीत. १९०५ मध्ये ते गेले. पुढच्याच वर्षी रविवर्माही गेले. या दोन भावांची कादंबरी कोणीतरी मनापासून लिहावी, अशी माझी फार इच्छा आहे.